दोनदा तापलेलं पाणी

नितीन : …म्हणून पुन्हा यावं लागलं, मावशी. सरपणाच्या पाहणीचा तुमचा कागद वरून परत आला.

सुमनबाई : परत? आन् मी तर सगळं खरं सांगितलं हुतं. बसा त्या बाजंवर. जरा तिकडं सरका, धूर डोळ्यात जाईल.

नितीन : खरं सांगितलंत, त्याचाच घोळ झालाय. साहेबांचा फोन आला, म्हणाले, नितीन, ह्या बाई एकट्या राहतात असं तूच लिहिलंस ना? मग एकट्या बाईला एवढं सरपण? रोज लग्नाचा स्वयंपाक करतात का?

सुमनबाई : तुमी काय म्हनला?

नितीन : म्हटलं, मी स्वतः काट्याला लावून तोललंय. तर म्हणाले, काटा तपासून घे.

सुमनबाई : काट्याला कशाला नावं ठेवायची. तेवढं लागतंच मला. बाभळीची लाकडं, तुराट्या, वरनं दोन-चार गवऱ्या. बांधावरनं आनते, इकत घेत न्हाई. त्याच्यात सरकारचं काय जातंय?

नितीन : जात काही नाही. देशात लाकूड, गॅस, वीज किती जळते त्याचा एक हिशोब असतो. आणि कोण काय पिकवतं, बनवतं, वापरतं त्याचा दुसरा. आजवर दोघं आपापल्या जागी सुखात होते. आता शेजारी शेजारी ठेवून जुळवायचेत. म्हणजे जळलेली काडी कुणाच्या तरी घरात, कुठल्या तरी कामाला लागलेली दिसली पाहिजे.

सुमनबाई : मंग दाखवा की. माझ्या घरात जळली, पान्याला जळली.

नितीन : बांधावरून आणलेलं सरपण देशाच्या कमाईत धरतात बरं का, मावशी. तुम्ही घरात पाणी तापवता, ते काम मात्र नाही धरत.

सुमनबाई : ऱ्हाऊ द्या. धरलं असतं तर त्याच्यावर पट्टी बसवली असती.

नितीन : पण पाणी कुणासाठी? तुम्ही सांगितलं होतं, पाच माणसांच्या आंघोळीचं. एक तुम्ही, आणि भिंतीपलीकडचे चौघं. सुनीलभाऊ, वहिनी, दोन मुलं.

सुमनबाई : व्हय. लेकाचंच घर ते. मालक गेलं त्या साली मी नेवाशाला जाऊन माळ घातली. पुढं नात आजारी पडली, आमची संस्कृती. डागदर म्हनला, अंगात रगत न्हाई, अंडी द्या. सूनबाईनं दिली. मी म्हनलं, माझ्या चुलीवर न्हाई. ती म्हनली, मंग माझी चूल वायली. झालं. कुनाचा आवाज चढला न्हाई, काय न्हाई.

नितीन : मग पाणी कसं एकत्र राहिलं?

सुमनबाई : भावकीतली मानसं बसली हुती ना. त्यांनी सांगितलं, जेवन येगळं करा, पर अंघुळीचं पानी जुन्या चुलीवरच तापंल. आमच्यात तशी रीतच हाय. लेक येगळा निघाला तरी पान्याचा इस्तू तोडायचा न्हाई.

नितीन : आमच्या नियमात ते बसत नाही. एका चुलीवर जेवतात ते एक घर. मग भिंती कितीही असू देत. म्हणून मी दोन घरं लिहिली. वहिनींचा कागदही त्याच दिवशी भरला होता.

सुमनबाई : मंग काय म्हनली ती?

नितीन : गॅस किती, विजेचं बिल किती, ते सगळं सांगितलं. आंघोळीचं पाणी कशावर तापतं विचारलं, तर म्हणाल्या, सोलरवर. माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही, साहेबांच्या आलं. म्हणाले, कागदावर त्या घरातली माणसं रोज दोनदा आंघोळ करतात.

सुमनबाई : चहा ठेवते जरा. कोरा चालंल का? आज गुरुवार, मला चहाच चालतो.

नितीन : चालेल. मावशी, आभाळ आलं की सोलर तापत नाही, हे मला कळतं. पण आता चैत्र लागलाय. नळाला हात लावला तरी चटका बसतो.

सुमनबाई : माझ्या डोळ्याला अजून दिसतं, दादा. लेकाच्या माडीवर काय बसवलंय ते मला ठाव हाय. संक्रांतीच्या मागंपुढं मानसं आली शिडी घेऊन. दुपारपत्तुर ठोकाठोक चालली हुती. सुनील सुप्याला कंपनीत कामाला, त्याची सकाळची पाळी, त्याला पहाटं पानी लागतं. मी काय म्हननार? बरं केलं म्हनलं मनात.

नितीन : मग तेव्हाच थांबला नाहीत?

सुमनबाई : दुसऱ्या दिवशी पहाटं उठले. म्हनलं, आता हंडा कुनासाठी ठेवायचा? तरीबी हात गेला, ठेवला. आन् सूनबाई आली. बादली घेऊन दारात हुबी ऱ्हायली. तापलं का, म्हनली. मी म्हनलं, तापलं. घेऊन गेली.

नितीन : आणि अजूनही नेतात?

सुमनबाई : अजून येती.

नितीन : त्या पाण्याचं करतात काय?

सुमनबाई : मी इचारलं न्हाई.

नितीन : मग मी विचारतो. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांचा सोलर खोडायचा की तुमचं सरपण, एवढंच ठरवायचंय.

सुमनबाई : न्हाई दादा. तेवढं करू नका.

नितीन : त्यात काय आहे?

सुमनबाई : तुमी इचारलं की तिला काय तरी सांगावं लागंल. पानी लागत न्हाई, उगंच नेते, असं एकदा तोंडानं निघालं की उद्या कशी यील ती? कुनी यील का? दिवसभरात ह्या बाजूला तिचा तेवढा पाय लागतो. मी माझं वार, माझी पोथी, माझा देव करत बसते. देवाला काय, तो ऐकून घेतो. बोलत न्हाई.

नितीन : साहेबांना मी काय सांगू?

सुमनबाई : सांगा, म्हातारी अंगावर लई पानी घेती.

(अश्विनी रिकामी बादली घेऊन दारात येते.)

अश्विनी : तापलं का, आत्याबाई?

सुमनबाई : तापलं. दमानं काढ, हंड्याची कड लई भाजती.

अश्विनी : सर पुन्हा आलेत? काय राहिलं होतं?

सुमनबाई : माझंच काय तरी चुकलं हुतं. झालं त्यांचं.

अश्विनी : मग आमच्याकडं या चहाला, सर. दूध आलंय.

सुमनबाई : हितं घेतला त्यांनी.

नितीन : घेतला, वहिनी. निघालोच होतो. द्या ती बादली, भिंतीपर्यंत मी धरतो.

अश्विनी : राहू द्या, सवय आहे मला.

नितीन : माझी गाडी तिकडेच लावलीय. येतो, मावशी.

सुमनबाई : या. उनाचं हिंडू नका लई.

(भिंतीपलीकडे, अश्विनीच्या दारात.)

अश्विनी : ठेवा इथं, पायरीवर. इथून त्यांना ऐकू जात नाही. तुम्ही पाण्याचंच विचारायला आलात ना?

नितीन : मी काही विचारत नाही, वहिनी.

अश्विनी : मग मीच सांगते. तुमच्याजवळ सोलर बोलून बसले, तेव्हाच वाटलं, चुकलं. घरी आल्यावर हे म्हणाले, खोटं कशाला सांगायचं सरकारला. खोटं नाही हो, आंघोळी सोलरवरच होतात. हे पाणी मी भांड्याला घेते. उरलेलं गार झालं की लिंबाला.

नितीन : मग नेता कशाला? रोज एवढं ओझं.

अश्विनी : त्यांचे वार बघितलेत? सोमवार, गुरुवार, शनिवार, मधे चतुर्थी, एकादशी. पाण्यापायी जाळ होतो म्हणून त्यावर थोडी भगर तरी टाकतात, चहा करतात. जाळच नसला तर एका माणसासाठी कोण पेटवतंय? तशाच बसून राहतील माळ ओढत. पहाटे उठले की मी आधी खिडकीतनं धूर बघते. धूर दिसला की मग कणीक मळायला घेते.

नितीन : जेवायला नाही बोलावत?

अश्विनी : बोलावलं की. दोनदा नवी भांडी घेतली, म्हटलं ह्यात कधीच अंडं शिजलं नाही, आत्याबाई. त्या हसल्या नुसत्या. म्हणाल्या, तुझी भांडी वाईट न्हाईत गं. पण आल्या नाहीत. मीही मग जास्त नाही बोलले. मला नाही येत गोड बोलायला.

नितीन : हं.

अश्विनी : एक सांगा, सर. आम्हाला हे पाणी लागत नाही, हे त्यांना कळलंय का? काही बोलल्या का तुमच्याजवळ?

नितीन : ते मला नाही सांगता येणार.

अश्विनी : का?

नितीन : एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. कामाला लागतानाच तसं लिहून घेतात.

अश्विनी : अहो, घर एकच आहे ना ते.

नितीन : कागदावर दोन आहेत, वहिनी.

अश्विनी : तिकडं किती माणसं लिहिलीत?

नितीन : एक.

अश्विनी : असं लिहिलेलं वाचायला कसं तरी वाटत असेल.

नितीन : वाचतो कोण. बेरजेत जातं.

अश्विनी : मग ह्या बादलीचं काय लिहिणार?

नितीन : सगळं जुळवून झालं की खाली एक ओळ असते. तिला फरक म्हणतात. जे जळलं हे नक्की, पण कुणाच्या पदरात पडलं ते सांगता येत नाही, ते तिथं जातं. साहेबांना ती ओळ मोठी झालेली आवडत नाही. आमचं काम कच्चं दिसतं.

अश्विनी : तुम्हाला बोलतील.

नितीन : बोलतील. परत पाठवतील, मग पुन्हा चक्कर मारीन. दोघींचं होतं तसंच राहू देतो. सोलर पण, सरपण पण.

अश्विनी : तुमच्या घरी कोण कोण असतं, सर?

नितीन : भिंगारला खोली आहे. छोटा सिलेंडर, एक शेगडी. संध्याकाळी डबा येतो, त्यामुळे शेगडी फक्त चहाला. माझा कागद भरायला अजून कुणी आलं नाही.

अश्विनी : आलं तर खरं सांगाल?

नितीन : एका माणसाचा कागद पटकन भरून होतो, वहिनी. तुम्ही बादली घ्या. चला, निघतो मी.

सुमनबाई : अश्विनी! अगं, दुसरी बादली ऱ्हायली ना. पानी निवतंय हितं.

अश्विनी : आले, आत्याबाई.