जॅकातलं कातडं

आमी मूळचे मेंढरंवाले. शिरूर कासारच्या वरल्या अंगाला आमची वस्ती, बाप मेंढरं घिऊन आठ आठ म्हैने मुलखात, अन् मी एकटाच असा निघालो की मला मेंढराचा वास सहन व्हईना अन् लोखंडाचा व्हायचा. काय सांगू तुमाला, लोक हसायचे. मंग पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली लागलो. पंधरा वर्सं हातपंप केले. हातपंपात काय असतं, तर कातडी वायसर असतं, वाटीवानी, तेच पाणी वर उचलतं. ते झिजलं की पंप कोरडा. मी कातडं एरंडेलात भिजवून वायसर असं कापायचो की बाया म्हणायच्या, मारुतीनं बसवलं की दोन वर्सं बघायला नको. तिथंच माझ्या डोक्यात हवा गेली.

मंग दुष्काळ आला. बोअरच आटले त पंप कुणाचे दुरुस्त करता? मी शिरुरात टपरी टाकली, ट्रॅक्टरचे जॅक दुरुस्त करायला लागलो. आमच्याकडं सिलेंडर कुणी म्हणत न्हाई, जॅकच म्हणत्यात. जॅक म्हंजी एक नळी, तिच्यात तेल, अन् तेलाच्या दाबानं जाड दांडा भाईर येतो अन् वझं उचलतो. नळीच्या तोंडाशी सील असतं, तेल दाबून धरायला. मला वाटलं, हे त आपलंच हाय, पाण्याच्या जागी तेल. दाब काय चीज असती ते मला ठाव नव्हतं. हातपंपाचा दाब माणसाच्या हाताचा, जॅकाचा दाब इंजिनाचा. एवढं साधं. पर तवा कळलं न्हाई.

त्या साली चकलांब्याच्या वाटंला माळावर दूध सोसायटीनं चारा छावणी लावलती. सगळी सभासदांची जनावरं. माळ असा की झाड न्हाई, बाभूळसुदिक न्हाई. उसाचं वाढं, म्हंजी शेंड्याचा हिरवा पाला, ट्रकानं यायचं अन् एकच ट्रॅक्टर, म्होरं लोडर, म्हंजी वाढं उचलायचं मोठं लोखंडी बकेट, बसवलेला, हितल्याच वेल्डिंगवाल्यानं ट्रॉलीचे दोन जुने जॅक लावून केलेला. त्येच्यावर सगळी छावणी चालायची. बापू म्हणून ड्रायव्हर व्हता, माझ्याच वयाचा, सोभावानं गरीब.

एक दिवस सकाळी बापू आला, म्हणला मारुती चल, लोडर खाली बसतोय, वर राहीना. गेलो. बघतो तर एका जॅकाच्या दांड्याला बोटभर लांब चरा, खडा घुसला असंल, अन् त्या चऱ्यानं सील फाडून टाकलेलं. दांडा बीडला लेथवर न्यायचा, सील नगरहून आणायचं, दोन दिस पक्के. सोसायटीचे चेरमन उभे. म्हणले दोन दिस कसं जमंल, ट्रक येऊन उभा हाय, जनावरं सकाळपून हंबरत्यात, तूच काय तरी कर. अन् मी बोलून गेलो, कशाला दोन दिस, दोन तासात देतो. कुणी गळ्यावर सुरी ठिवली नव्हती. मीच बोललो.

टपरीवरून हातपंपाचं जाड कातडं आणलं, वायसर कापलं, चरा कानशीनं अन् पॉलिश पेपरनं घासून मऊ केला, अन् कातडं सिलाच्या जागी बसवलं. इंजिन चालू केलं, बकेट वर गेलं अन् थांबलं. थेंब न्हाई. लोकांनी पाठीवर थाप मारली, चेरमननं चहा पाजला. मी शिट्टी वाजवीत घरी आलो.

दुपारी टपरीत छिन्नीला पाणी देत व्हतो. छिन्नी लाल करायची अन् तेलाच्या डब्यात बुडवायची. शेजारी त्या कातड्याचा उरलेला तुकडा पडलेला, माझाच धक्का लागला अन् तो डब्यात. चिमट्यानं काढला, तर काय सांगू तुमाला, निम्मा झालता. आकसून वाळल्या मिरचीवानी. हातात धरला अन् मोडला.

तवा मला लोडर आठवला. लोडरचं तेल सकाळी गार व्हतं. दुपारी, त्या उन्हात, दिसभर उचलून उचलून, त्येचा पाईप हातात धरवत न्हाई इतकं तापतं. बापूला फोन लावला, बंद. छावणीत लाईट कुठली, चार्जिंग कुठलं. मोटरसायकलीला किक मारली अन् निघालो. वाट कशी गेली ठाव न्हाई. एकच डोक्यात, बकेट भुईवर टेकलेलं असू दे, भुईवर टेकलेलं असू दे.

टेकलेलं नव्हतं. वर व्हतं, पार वर, वाढ्यानं भरलेलं, त्येच्यावरनं ताडपत्री सोडलेली, अन् खाली सावलीत आठ-धा बाया भाकरी खात बसल्यात्या. तुमाला खोटं वाटंल, पर त्या माळावर रोज असंच. बापू दुपारचं बकेट वर करून ठिवायचा अन् बाया खाली बसायच्या, कावून की सावली दुसरी नव्हतीच. बापू सवता मागल्या चाकाला टेकून झोपलेला. अन् जॅकाच्या तोंडातून तेल गळत व्हतं. एकीच्या भाकरीवर थेंब पडला, तिनं तेवढा तुकडा मोडून टाकला अन् बाकीची खाऊ लागली.

मी म्हणलो उठा, भाईर निघा. एक म्हणली कावून? अन् बसावं कुठं, तुज्या डोक्यावर? सगळ्या हसल्या. मी म्हणलो जॅक नीट न्हाई. ती म्हणली सकाळी तूच केला न्हवं? चेरमन तिकून येत व्हते. अन् तुमाला सांगतो, मी कातडं बसवलंय, हे तीन शबूद माझ्या तोंडातून निघंनात. जीव बायांचा चाललाय अन् मला लाज माझ्या नावाची. लई वंगाळ वाटतंय सांगायला, पर खरं हाय. अन् मंग मी वरडलो, साप! साप! वाढ्यातून साप पडला!

ताटं फेकून बाया पळाल्या. एक गयाबाई राह्यली. म्हातारी, माळावरचीच, आमच्यातलीच, दोन गायी घिऊन आलती, गुडघे धरलेले. ती उठंनाच. नुसतं माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी वाकून आत गेलो, दंडाला धरलं अन् वढली. तिचा पाय भाईर आला अन् मागं फाट्‌दिशी आवाज झाला. तापलं तेल माझ्या पाठीवर उडालं, अजून डाग हाय. दोन्ही जॅकांना तेल एकाच पाईपातलं, एक फुटला की दुसऱ्याचंबी भाईर, अन् सगळं खाली आलं. जिथं भाकरी व्हत्या तिथं भुईत बकेट रुतलं. पितळी तांब्या पत्र्यावानी चपटा.

जनावरांनी दावी तोडली ती धरायला गडी पळाले. मंग एकजण म्हणला, नागोबानंच वाचवलं बघा. तेवढ्यात गयाबाई म्हणली, हाव, म्या पाह्यला, काळाभोर व्हता, हातभर. मी तिच्याकडं बघितलं, ती दुसरीकडं बघत व्हती. झालं. तिथं हळदी-कुंकू पडलं, नारळ फुटला. जॅक कावून फुटला हे कुणी इचारलंच न्हाई. जुना माल, फुटला.

म्या त्याच दिशी दांडा काढून बीडला गेलो, लेथवर नीट केला, नगरहून खरं सील आणलं. दोन दिस लोकांनी डोक्यावर वाढं वाह्यलं. जॅक बसवायच्या आधी मीबी वाह्यलं, पाठ भाजलेली तशीच.

छावणी उठली, पाऊसपाणी झालं, तवा गयाबाईच्या वस्तीवर गेलतो. ती लोकर पिंजत बसलेली. मी म्हणलो मावशी, साप नव्हता. ती म्हणली मला काय सांगतो, जनम माळावर गेला माझा, साप निघाला की आधी गुरं बिचकत्यात. तुज्या तोंडाकडं बघितलं अन् कळलं, ह्येला भ्याव सापाचं न्हाई. मी म्हणलो मंग कावून खोटं बोललीस? ती म्हणली लोकांनी तुला तिथंच तुडवला असता, मंग जॅक कुणी बसवला असता? माझ्या गायींनी काय खाल्लं असतं? अन् वर म्हणली, पर मारुती, खरं बोलला असतास तरी आमी उठलोच असतो रं. शिव्या दिल्या असत्या, पर उठलो असतो. तुला आमचा तेवढाबी भरवसा नव्हता?

मी पाया पडलो अन् आलो.

आता ती न्हाई. मी अजून जॅकच करतो. गिऱ्हाईक आलं की आधी सांगतो, ह्येच्यात हे नवं बसवलंय, हे जुनंच ठिवलंय, खाली कुणी बसू नगा. लोक म्हणत्यात म्हाताऱ्याला बोलायचा रोग हाय. म्हणू द्या. त्या जागी आता शेंदूर लावलेला दगड हाय, नागपंचमीला बाया लाह्या वाहत्यात, त्या दिसाच्या दोघी-तिघी अजून येत्यात, नातवंडांना दाखवत्यात. त्यांना खरं सांगायची आजवर माझी हिंमत झाली न्हाई. आता तुमी लिहून घेताय, त मारुतीच्या नावानिशी लिहा. तिथं साप नव्हता. कातडं व्हतं, मी कापलेलं. त्या बायांना वाचून दाखवा, अन् शिव्या दिल्या त मला येऊन सांगा.