इंदूचा सौदा

रंगराव : इंग्रजी शिकाया धाडली व्हती तुला पुन्याला. यापार शिकाया न्हाई.

इंदू : आबा, दोन्ही एकाच कॉलेजात शिकवतात. एका तासाला इंग्रजी, दुसऱ्या तासाला व्यापार. मी काही चोरून केलं नाही.

रंगराव : चोरून न्हाई तर काय? वरीस सरलं. आन् मला कळावं कुनाकडनं, तर बरकतभाईकडनं! भर बाजारात म्हनला, रंगराव, आमचा अन्वर आन् तुमची इंदू एकाच वर्गात यापार शिकत्यात. चार दलाल उभं व्हतं तिथं. दात काढाया लागले समदे. म्हनले, आता चाकनच्या बाजारात रंगरावाची लेक बैल इकनार.

कौशल्याबाई : काढंनात का दात. त्यांच्यातल्या एकाची तरी लेक मॅट्रिक झालीया का इचारा. आन् तुमी आधी पायावर पानी घ्या. दारातनं आत आलं न्हाई तवर पोरीला धारेवर धरलीया.

रंगराव : तू मधी बोलू नगंस. तुला ठावं व्हतं व्हय?

कौशल्याबाई : व्हतं.

रंगराव : घ्या! घरात समद्यांस्नी ठावं. एक मीच तेवढा येडा.

इंदू : आईला मी दिवाळीतच सांगितलं होतं. तुम्हालाही सांगणार होते. पण तुम्ही आलेल्या-गेलेल्याला सांगत होता, माझी इंदी बाई होनार शाळेत. इतक्या कौतुकानं सांगत होता की माझं सांगायचं राहूनच गेलं.

रंगराव : मंग त्यात वंगाळ काय हाय? बाई व्हायचं. खुर्चीवर बसायचं. रस्त्यानं चालली तर पोरं बाजूला हून नमस्कार करत्यात. सोमवारी कॉलेज उघडतंय न्हवं? मंग नीट ऐक. नुसतं इंग्रजी घेनार असशील तर जा. न्हाई तर पिंपरीला मामाकडं तुझी ट्रंक हाय, ती घिऊन हिकडं ये. पाव्हणं बघायला मी मोकळा.

इंदू : आबा!

रंगराव : आबा न्हाई आन् बाबा न्हाई. माझं एकदा बोललं की बोललं.

कौशल्याबाई : इंदे, रडू नगंस. बोल. तिथं समद्या पोरांच्या म्होरं बोलतीस, आन् बापाम्होरं काय झालं?

इंदू : रडत नाही मी. आबा, एक विचारू? तुम्ही स्वतः जन्मभर व्यापार केलात. त्यावरच मला शिकवलंत. मग मीच का नको?

रंगराव : म्हनूनच नगं. मला ठावं हाय त्यो धंदा कसा हाय. सकाळपासनं उन्हात उभं ऱ्हायाचं. इकनाऱ्याला वाटतंय मी त्याला बुडवला, घेनाऱ्याला वाटतंय मी त्याला बुडवला. माझ्याशी गोड बोलत्यात, आन् पाठ फिरली की म्हनत्यात, दलालच त्यो. तुला कोन तसं म्हनलं तर मला सोसायचं न्हाई, पोरी. इंग्रजी सोच्छ असतंय.

इंदू : तुम्हाला कुणी पाठीमागं काय म्हणतं ते मी ऐकलंय.

रंगराव : काय ऐकलंस?

इंदू : कॉलेजला सुट्टी लागायच्या आधी राजगुरुनगरच्या स्टँडवर भिमाजीकाका भेटले. डोंगराकडचे.

रंगराव : त्यो? त्याचं काय?

इंदू : त्यांचा थोरला मुलगा पिंपरीच्या कंपनीत लागला. शेतावर माणूस उरलं नाही, म्हणून त्यांनी बैलजोडी विकायला आणली होती. एक बैल पायानं अधू. तुम्हीच सौदा केलात.

रंगराव : सौद्याचं बोलू नगंस. रुमालाखालचं रुमालाखाली ऱ्हातं.

इंदू : किती झाला ते त्यांनी नाही सांगितलं. एवढंच म्हणाले, पोरी, भाव पडला माझा त्या दिवशी, पर गावात कुनाला कळला न्हाई. तुझ्या बापानं रुमाल टाकला, बोटं धरली, आन् माझी मान खाली जाऊ दिली न्हाई. असं म्हणाले.

रंगराव : ...म्हनला व्हय तसं?

इंदू : हो. आणि आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, आपापल्या गावच्या बाजाराविषयी इंग्रजीतून बोला. मुलं उठली. कुणी मंडईवर बोललं, कुणी कापडपेठेवर. मी आपला बैलबाजार सांगितला. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकतात, आत बोटं धरून भाव ठरवतात, भोवती शंभर माणसं असली तरी कुणाला कळत नाही. मुलं हसायला लागली.

कौशल्याबाई : हितं बी हसले आन् तिथं बी हसले. लोकास्नी हसाया आमचंच घर घावतंय.

रंगराव : गप गं. मास्तर काय म्हनला?

इंदू : सर म्हणाले, हा खरा व्यापार नव्हे. भाव चारचौघांत मोठ्यानं बोलला पाहिजे, म्हणजे नवख्या माणसाला कुणी फसवत नाही.

रंगराव : हां. त्यात काय खोटं न्हाई. मी पोरसवदा असताना मलाबी असंच फसीवलं व्हतं.

इंदू : मीही खोटं नाही म्हटलं. पण मी बसले नाही. म्हटलं, सर, उघडा भाव चांगलाच. पण अडलेला माणूस असतो ना, त्याची अडचणसुद्धा मग चारचौघांत ओरडून सांगितली जाते. आमच्याकडे तेवढं झाकतात. भिमाजीकाकांचं सगळं सांगितलं, नाव न घेता.

रंगराव : हे समदं इंग्रजीत?

इंदू : अडखळत. दोन-तीनदा शब्दच सापडेना. हातवारे केले.

कौशल्याबाई : आगं बया! समद्या पोरांच्या म्होरं?

इंदू : मग हसणं थांबलं. सर म्हणाले, यावर वाद होऊ शकतो, आणि तास संपेपर्यंत वाद झाला. अन्वर माझ्या बाजूनं बोलला. बाकी सगळे सरांच्या बाजूनं. आबा, मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी, काय सांगू! घरी येताना बसमधे मी एकटीच हसत होते. नुसतं इंग्रजी शिकले असते तर मला बोलायला काय होतं तिथं? आणि नुसता व्यापार शिकले असते तर गप्प बसून ऐकून घेतलं असतं. मला दोन्ही पाहिजे. एक सोडायला सांगू नका.

रंगराव : म्हंजी तुला धंदा कराया शिकायचाय.

इंदू : हो. बाई व्हायचं नाही मला. पिंपरीकडं बघा, रस्त्याच्या कडेनं कारखान्यांच्या भिंती उठताहेत. त्यांना माल लागतो, पत्रं लागतात, बोलणारं माणूस लागतं. मामा म्हणतात, कंपनीत एकाला इंग्रजी येतं तर त्याला हिशेब कळत नाही, दुसऱ्याला हिशेब कळतो तर त्याची साहेबापुढं बोबडी वळते.

कौशल्याबाई : आता कसं? इतकं ऐकून घेतलंत तर एक बरा शब्द बोला.

रंगराव : काय बोलू? ही तोंडानं मागतीया. तोंडानं मागितलेलं मला कवा कळलंय? इंदे, धंद्याची पोर म्हनवतीस न्हवं? मंग हात घाल.

इंदू : काय?

रंगराव : ह्यो रुमाल. घाल हात आत. दोन्ही शिकाया किती वर्सं पायजेल तितकी बोटं धर.

कौशल्याबाई : आवं! बाईमानसाचा हात कवा गेलाय का रुमालाखाली?

रंगराव : न्हाई गेला. ही बाईमानसं कॉलेजात तरी कवा गेली व्हती? ये, बस म्होरं.

(रंगराव खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर पसरतो.)

रंगराव : घाई कसली झालीया?

इंदू : घाई नाही.

रंगराव : हाय. म्होरल्याला आपली घाई कळली की सौदा गेलाच म्हनायचा. दम धर. हां. आता धर.

कौशल्याबाई : काय चाललंय आत?

रंगराव : तू चुलीकडं बघ. इंदे, इतकं न्हाई परवडत. हे घे. बापाकडं बघून घे.

इंदू : नाही.

रंगराव : बरं, हे. आता हून जाऊ दे.

इंदू : नाही, आबा. त्यात पदवी होत नाही. अर्ध्यात सोडायचं तर कशाला जाऊ?

रंगराव : रुमालाखाली हात असताना तोंडानं बोलायचं नसतंय.

इंदू : चुकले.

कौशल्याबाई : आगं, हलू नगंस. बरं धरलंयस. तोंडावरनंच कळतंय मला.

रंगराव : तू कुनाच्या बाजूची हायस?

कौशल्याबाई : ते लगीन झाल्यापासनं तुमास्नी ठावं हाय.

रंगराव : हट्टी हाय. जरा ढिलं सोडंल म्हनलं तर न्हाई. माझ्यावरच गेलीया. बरं. हे शेवटचं. याच्या म्होरं मी बोलनार न्हाई. कबूल?

इंदू : आबा...

रंगराव : कबूल का न्हाई त्येवढं सांग.

इंदू : कबूल. कबूल, आबा.

रंगराव : झालं. काढ हात.

कौशल्याबाई : ही रडतीया का हसतीया? काय दिलंत तिला? इंदे, ट्रंक आनायची का न्हाई त्येवढं सांग, माझा जीव टांगनीला लागलाय.

इंदू : आई, मी तीन बोटं धरली होती. पदवीला अजून तीन वर्षं लागतात म्हणून.

कौशल्याबाई : मंग? दोनच दिली ना? मला वाटलंच. हे रुपयाला आठ आनं देनारं मानूस.

इंदू : पाच.

कौशल्याबाई : आं?

इंदू : पाची बोटं धरली यांनी. आबा, पदवी तीनातच होते.

रंगराव : ठावं हाय. बरकतभाई सांगत व्हता, पदवीच्या म्होरं आनखी दोन वर्साचं काय तरी असतंय. त्याचा अन्वर करनार हाय. मंग माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय?

कौशल्याबाई : आवं, पर मागितल्यापरीस जास्त? हयातीत कुना गिऱ्हाइकाला दिलंय का तुमी असं?

रंगराव : हळू बोल की. सकाळी बाजारात तोंड दाखवायचंय मला.