राखीव मुलींच्या टाळ्या

हे बाहेर कुठं बोलायचं नाही असं सरांनी बजावलंय, पण राग आवरत नाही म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या ज्युनिअर मुलींच्या हॉकीच्या मॅच लोकल केबलवर दिसायला लागल्या, तेव्हापासून छावणीच्या मैदानावर कुणी फिरकत नाही. माझे पप्पासुद्धा घरीच बसून बघतात.

काल सर आम्हा तिघी राखीव मुलींना म्हणाले, "टीव्हीवर रिकाम्या पायऱ्या लई वाईट दिसतात. जर्सी काढा, साधे ड्रेस घाला आणि समोर बसून टाळ्या वाजवा."

"आणि सर, कुणाला लागलं तर?"

"नाय लागत गं!"

दुसऱ्या हाफमध्ये शबानाचा पाय मुरगळला. सर पलीकडून ओरडले, "सुमन, पळ!" मी अख्ख्या मैदानाला वळसा घालून पोचले, तर पंचबाई म्हणाल्या, "जर्सी कुठंय? प्रेक्षकांना खेळता येत नाही." मग आमच्या दहाच जणी खेळल्या आणि आम्ही एका गोलनं हरलो. वर सर मलाच म्हणतात, "जर्सी ड्रेसच्या आत घालायची, एवढी अक्कल नाय का?" उद्या मी त्यांना तोंडावर सांगणार आहे की यापुढं मी...

"सुमे, पळत ये!" पप्पा आतून हाक मारतायत. "मॅच पुन्हा लागलीय. टाळ्या वाजवताना काय मस्त दिसतेस!"