लावेनियाची उरलेली कुपी

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे गावप्रमुख सेरूदादा, बेटावरच्या गावातून सुवा शहरात आलेल्या आयाबहिणींनो, आणि आज आम्हाला सोडून तावेउनी बेटावर निघालेल्या डॉक्टर अकानीसीबाई,

मी ओसेआ. प्रयोगशाळेतले फ्रीझर सांभाळतो. जिवाणू वाढवायला मी पुस्तकं वाचून शिकलो, म्हणून तपशिलातली चूक मला खपत नाही. योनिमार्गातले काही चांगले जिवाणू अंगावर साखरेच्या साखळ्या वागवतात. ही चहातली साखर नव्हे! ती ओळखून शरीराचे पहारेकरी शांत राहतात. ते खवळले, तर सूज येते आणि कधीकधी बाळ वेळेआधी जन्मतं. बाईंना शोधायचं होतं, पहारेकऱ्यांना शांतवणारी साखर नेमकी कोणती?

गावात गेल्या की बाई आधी मानाची भेट म्हणून यंगोनाची मुळं पुढे ठेवायच्या, सर्वांबरोबर त्या मुळांच्या पेयाची वाटी प्यायच्या, मगच विषय काढायच्या. एकदा तिथली लावेनिया म्हणाली, "साखर शोधताय होय? माझ्या नवऱ्याला विचारा, म्हणतो मी नुसती कडू!" चटईवर हशा पिकला. त्या हशाआडून तिने हळूच विचारलं, "बाई, माझी दोन्ही बाळं सातव्यातच गेली. सासू म्हणते, पोटुशी असताना खडकावर मासे धरायला गेलीस म्हणून. माझ्यामुळे गेली का हो?"

उत्तरासाठी बाईंनी तिच्याकडून घेतलेले जिवाणू प्रयोगशाळेत काचेच्या थाळीत वाढवले. एका थाळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. थाळीत अन्न आयतं, पहारेकरी कुणी नाही. मग साखरेचं पांघरूण कशाला हवं? जिवाणू फोफावले आणि साखर टाकून बसले. बाई तपासत राहिल्या ते उघडे जिवाणू. कळलं तेव्हा स्टुलावर बसून रडल्या. "ओसेआ, तिला काय सांगू रे?"

आता निधी संपला, बाईंची नजरही अधू झाली. काल त्या लावेनियाला म्हणाल्या, "खडकावर गेल्याने बाळं गेली नाहीत, हे छातीठोक सांगते. पण कशाने गेली, ते मला सापडलं नाही गं."

लावेनिया म्हणाली, "पहिलं तेवढं चारचौघांत सांगा. सासू ऐकेल असं."

म्हणून बाईंच्या वतीने, लावेनियाच्या परवानगीने मी सांगतोय. मेरेआनी आजी, दुसऱ्या रांगेत आहात ना? सुनेचा दोष नव्हता.

तिच्या मूळ जिवाणूंची, पांघरुणासकट, एकच कुपी उरली आहे. ती मी वितळू देणार नाही. पुढे हा शोध घ्यायला जो कोणी येईल, त्याने आधी लावेनियाच्या चटईवर बसावं.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. सभेच्या मानपानात काही राहून गेलं असेल, तर पोटात घाला. तपशिलात मात्र चूक नाही.