फ्रीजमधली जागा

बसच्या रांगेत पुढे दोघं म्हातारी उभी होती, प्रयोगशाळेतल्या मॅडम आणि त्यांचा जुना मदतनीस. त्यांच्या मागे उभ्या एका मास्तरीणबाईंचे कान नकळत टवकारले.

“मॅडम, जुलाबाची लस आपण निकामी ठरवली, आठवतं?”

“लस घेतलेल्यांच्या रक्तात रोगाची आठवण धरणाऱ्या पेशी सापडल्या नाहीत. सही माझीच.”

“त्या आतड्यात जाऊन बसतात म्हणे. एकदा ठाण मांडलं की रक्तात परत येत नाहीत.”

“त्यांच्या आतड्याचे तुकडे होते आपल्याकडे तपासायला.”

“होते. तुम्ही म्हणालात, फ्रीजमध्ये जागा नाही, टाकून दे.”

“हं.”

“लस बंद पडली. पुढच्या साथीत माझी धाकटी लेक गेली.”

मॅडमनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“तुम्हाला बोल नाही लावत. जागाच नव्हती, काय करणार?”

“जागा होती रे. माझ्या बढतीचा केक ठेवायचा होता.”

बस आली. मास्तरीणबाई दोघांना वळसा घालून चढल्या.