कौसल्येचा गंधार

जन्म माझा दिंद्रुडचा. बाप भजनात पेटी वाजवायचा. शाळा चौथीपस्तोर, मग परळीला एका उस्तादाकडं पेट्या दुरुस्त करायला लागलो ते आजपस्तोर तेच. इथं वीज केंद्राची राख लई, पेटीत शिरती, सूर अडकतो, म्हणून काम कधी तुटलं न्हाई.

काय सांगू तुमाला, काम सोपं हाय. पेटीत आत पितळी पट्ट्या असत्यात, हवा लागली की वाजत्यात. पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो, पर घासलेलं पितळ माघारी येत न्हाई. दोन सूर संगं वाजवायचे, जुळले नसले तर आवाज थरथरतो, थरथर थांबली की हात थांबवायचा. आन् मला धा-बारा वर्सं झाली, ती थरथर ऐकूच येत न्हाई. लोकं म्हणायची म्हाताऱ्याचा कान सोन्याचा. कान होता आमच्या कौसल्येचा. ती भाता मारायची आन् वरडायची, घास, अजून घास, आता बास की बे, पट्टी खातो का काय! नवऱ्याला बे म्हणणारी बाई होती ती. औंदा उन्हाळ्यात गेली.

चर्चमधली पायपेटी, पायानं हवा भरायची, कपाटाएवढी, ती बी तिनंच लावलेली. परवा तिथले पास्टर आले, काका, नवा कीबोर्ड घेतलाय, पायपेटी त्याच्याशी जुळत न्हाई. मी गेलो तर त्यांनी पेटीवर फोन ठिवला, त्यात सूर मोजायचा काटा. गंधार वाजवला तर काटा खालीच. मी म्हणलं, कावून खाली? तुमच्या गाण्याला तो तिथंच गोड लागतो म्हणून तिनं तिथं ठिवलाय. पास्टर म्हणले, गोड हाय काका, पर दोन्ही संगं वाजले की भांडत्यात. खोटं न्हाई बोलला माणूस.

तीन दिवस घासलं. पास्टर सोता पाय मारत व्हते आन् मी फोनचा काटा बघत व्हतो. वास येत नसताना फोडणी द्यावी तसलं काम. एकेक करून तिनं लावलेले सूर गेले. मधल्या गंधारापाशी आलो आन् हात उठंना. काय झालं काका? मी म्हणलं, कान तिचा होता, मी नुसता हात.  पास्टरनी पाय थांबवले. मग हळूच म्हणला, ही काढून दुसरी पट्टी बसंल का?

बसवली दुसरी. देव त्याचं भलं करो.

तिची पट्टी खिशात घालून आणली. दिवस कलला की ओट्यावर बसतो, व्हटात धरून फुकतो. कानाला काय कळत न्हाई. दात दोनच राहिल्यात, त्येन्ला कळतंय.