भालूबुवांचे मुके टाळकरी

ए, पुढं बसलेल्या मित्रा, तू आधी नुसतं ऐक! मधे बोलू नकोस. मंडळी, तुम्हीपण ऐका. मोबाईल खिशात घाला म्हणणार होतो, पण राहू देत हातात. आजचं आख्यानच मोबाईलमधलं आहे!

प्रश्न असा — ज्यांच्या घरी कधी गेलो नाही, ज्यांच्या हातचा चहा प्यायलो नाही, अशी माणसं आपल्या दुःखात आपली होतात का? लगेच माना हलवू नका! आधी माझ्याबरोबर कुडाळला चला.

कुडाळला भालचंद्र परब, म्हणजे भालूबुवा. पेटी पुढ्यात घेतली की गल्ली थांबायची! त्यांचं एक भजनी मंडळ होतं, पण सगळं मोबाईलवर. सुरतेचे काशिनाथकाका, मस्कतला नर्स असलेली रेवती, आणखी कोण कोण. एकानं दुसऱ्याला जोडलं, झालं मंडळ! समोरासमोर कुणी कुणाला बघितलेलं नाही.

आता मोबाईलवर भजन म्हणजे काय गंमत सांगू! सुरतेचा टाळ आत्ता वाजतो, मस्कतचा मागून येतो — नुसता बाजार! म्हणून नियम ठरला. माईक एकट्या बुवांचा उघडा, बाकी सगळे बंद. बुवा गाणार, बाकीचे आपापल्या घरी टाळ कुटणार. बुवांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही!

त्यांची पोर रुचिता, जिभेला हाड नाही. "बाबा, ते गातायत की जेवतायत, तुम्हाला काय कळतं?"

बुवा म्हणायचे, "ओठ हलतात ना गो? मग झालं!"

आणि एके दिवशी बुवा गेले. दुपारी पडल्या पडल्या गेले, मंडळी. हाकसुद्धा मारली नाही.

पाहुणे आले. "शेवटचं काय बोलले हो?" — हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. चहा प्यायले, गेले. हसू नका! आपणपण असेच जातो भेटायला!

घरात उरल्या दोघी, रुचिता आणि तिची आई. आणि आई बोलेना! ताट पुढे केलं तर जेवायची, नाहीतर भिंतीकडे बघत बसायची. रडलीसुद्धा नाही. रुचिता घाबरली. बाप गेला, आता आईपण अशीच हातातून निसटली तर?

दिवेलागण झाली की रुचिताचे कान पेटीकडे. आता बाबा खाकरतील, आता भाता ओढतील... वाजला तो बाबांचा मोबाईल. मंडळाचा व्हिडिओ कॉल! तिनं उचलला, हे सगळं बंद करा म्हणून सांगायला.

काशिनाथकाका म्हणाले, "बाळा, काही बोलू नको. मोबाईल पेटीजवळ ठेव. आम्ही नुसते बसतो."

आणि बसले हो! रोज! कुणी लसूण सोलतंय, कुणी कपड्यांच्या घड्या घालतंय, पण माणूस समोर. शेवटचं काय बोलले, एकानंही विचारलं नाही!

एका संध्याकाळी रुचिताचा बांध फुटला. "काका, आई बोलत नाही हो! मी काय करू?"

काका मंडळातल्या सगळ्यांना म्हणाले, "बुवांनी आमचा आवाज कधी ऐकलाच नाही रे! आज उघडा सगळे माईक!"

बापरे! विठ्ठल विठ्ठल म्हणून जो गजर उठला! सुरत पुढे, मस्कत मागे, कुणाचा कुकर शिटी मारतोय, कुणाचं कुत्रं भुंकतंय! आणि आतून आई आली तरातरा —

"मेल्यांनू! ह्यो काय ताल झालो? ह्यांनी तुमका ह्याच शिकवल्यानी?"

सगळ्यांचे टाळ जागच्या जागी थांबले.

आई बोलली, मंडळी! आणि बोलता बोलता पेटीवर डोकं ठेवून अशी रडली, अशी रडली... पलीकडे रेवती रडतेय, काका चष्मा पुसतायत. तिला गप्प करायला कुणी गेलं नाही.

बऱ्याच वेळानं रेवती म्हणाली, "वैनी, मग ताल तुम्हीच द्या ना." आणि आईनं डोळे पुसून टाळ उचलले!

रुचिता हात जोडून म्हणाली, "तुमचे सगळ्यांचे खूप खूप आभार..."

काका उखडले! "आभार ठेव तिकडे! बुवांची पोर ना तू? दोन ओळी म्हण. आम्हाला त्यांच्या घरातून आवाज हवाय."

एकेक करून सगळ्यांनी माईक बंद केले. उघडा राहिला तो हिचाच.

आणि मंडळी, रुचिताला गाता येत नाही! ते सोडा. पण त्या पेटीजवळ दुसरं कुणी गायलं नव्हतं, तोवर ती जागा बाबांची होती. तिनं तोंड उघडलं की आवाज तिचा येणार, बाबांचा नाही. मग ते गेले, हे अख्ख्या घराला कळणार! आणि नाही गायली, तर एवढ्या लांबून रोज येऊन बसलेल्या माणसांना द्यायला तिच्याकडे दुसरं होतं काय?

आईचे टाळ वर उचललेले. पडद्यावर सगळे वाट बघतायत. बोट माईकच्या बटणावर — बंद करू, की गाऊ?

आता बोल, मघापासून गप्प बसवलंय तुला. तिच्या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?